जाळ्यात आलेला मासा नेमका कोण? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळच्या टपालात माशांचीच पत्रं जास्त आहेत. गंगापूर धरण, दारणा, नांदूर मध्यमेश्वर, गिरणा, सगळीकडून विचारणा एकच: बाहेरून आलेला मासा डीएनएवरून ओळखता येतो का, आणि तो कसा ओळखायचा?

बारकोड म्हणजे काय ते आधी दोन ओळींत सांगतो. माशाच्या पेशींत मायटोकॉन्ड्रिया असतात. त्यांच्यातल्या सीओआय जनुकाचा साधारण ६५० अक्षरांचा एक ठरावीक तुकडा वाचायचा आणि तो आधी ओळख पटलेल्या माशांच्या तुकड्यांशी ताडून पाहायचा. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाचे पॉल हेबर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ही पद्धत मांडली. ऑस्ट्रेलियातल्या २०७ जातींच्या माशांवर ती वापरल्याचा निबंध २००५ मध्ये आला. त्यातलेच प्राइमर (हवा तो तुकडा पकडणारे डीएनएचे छोटे धागे) आजही बहुतेक प्रयोगशाळांत माशांसाठी वापरतात.

निफाड तालुक्यातून, महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या वाचक: नांदूर मध्यमेश्वरच्या फुगवट्यात चिलापी भरपूर मिळते. मच्छीमार म्हणतात ती दोन प्रकारची आहे, एक काळपट आणि एक शेपटीवर पट्टे असलेली. विद्यार्थ्यांकडून बारकोडिंगचा छोटा प्रकल्प करून घ्यायचा आहे. आमच्याकडे पीसीआर यंत्र (डीएनएच्या एका तुकड्याच्या लाखो प्रती काढणारं) नाही, नमुने बाहेर पाठवणार आहोत. ते कसे घ्यावेत?

उत्तर: मच्छीमारांच्या या निरीक्षणाला आधार आहे. शेपटीच्या परावर आडव्या देहाला काटकोनात जाणारे नियमित पट्टे हे नायलोटिकस या चिलापीचं लक्षण. मोझाम्बिकस या दुसऱ्या जातीच्या शेपटीवर असे पट्टे नसतात आणि विणीच्या दिवसांत त्याचा नर काळा पडतो, गळ्याखाली पांढरट होतो. मोझाम्बिकस भारतात १९५२ मध्ये आणला गेला, नायलोटिकस त्यानंतर आला. दोघांचे बारकोड एकमेकांपासून चांगले दूर आहेत. अडचण आहे ती दोघांच्या संकराची, पण त्याबद्दल पुढच्या उत्तरात.

नांदूर मध्यमेश्वर हे अभयारण्य आहे आणि महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. तिथून मासा उचलायचा असेल तर वनविभागाची लेखी परवानगी आधी काढा. प्रकल्प अडतो तो बहुधा इथेच, प्रयोगशाळेत नाही.

मासा हाती आल्यावर पहिलं काम फोटोचं. डावी कूस वर ठेवायची, पर टाचणीने ताणून पसरायचे, शेजारी पट्टी ठेवायची आणि अंगावर पाणी शिंपडून फोटो घ्यायचा. बर्फात तासभर राहिला की रंग उतरतो, आणि चिलापीत रंगच तर बघायचा असतो. फोटो डाव्या बाजूचा, म्हणून ऊतक नेहमी उजव्या बाजूने घ्यावं. त्याआधी ती जागा टिश्यू पेपरने पुसून काढा, कारण अंगावरच्या चिकट थरात टोपलीतल्या इतर माशांचा डीएनए असतो. उजव्या छातीच्या पराचा पाच मिलिमीटरचा तुकडा पुरतो. तो नको असेल तर पाठीच्या पराखाली कातडी उचलून तांदळाच्या दाण्याएवढं मांस घ्या. काळी कातडी घेऊ नका, तिच्यातलं रंगद्रव्य पुढे पीसीआरला अडथळा करतं. पोटातलं काहीही घेऊ नका, तिथे त्याने खाल्लेले मासे असतात. प्रत्येक माशाला नवं ब्लेड वापरावं. ते परवडत नसेल तर चिमटा आणि ब्लेड घरगुती ब्लीचच्या दहा टक्के द्रावणात मिनिटभर बुडवून स्वच्छ पाण्याने धुवा.

ऊतक ९५ टक्के किंवा त्याहून शुद्ध इथेनॉलमध्ये ठेवायचं. माशाच्या मांसात पाऊण हिश्शाहून अधिक पाणी असतं. एक भाग मांसावर एकच भाग अल्कोहोल ओतलं तर आतली तीव्रता पन्नास-पंचावन्न टक्क्यांवर येते आणि डीएनए तुटायला लागतो. म्हणून एकास दहा हे प्रमाण पाळा आणि चोवीस तासांनी जुनं अल्कोहोल ओतून नवं भरा. हा दुसरा बदल अनेकजण टाळतात, आणि सहा महिन्यांनी डीएनए तपासायच्या जेलवर अखंड डीएनएच्या पट्टीऐवजी तुटलेल्या तुकड्यांचा नुसता धूर दिसतो.

हार्डवेअरच्या दुकानातलं डिनेचर्ड स्पिरिट चालत नाही, त्यातली भेसळद्रव्यं डीएनएला मारक असतात. सॅनिटायझरही नको, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. शुद्ध इथेनॉलला उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो. तो तुमच्या महाविद्यालयाकडे नसेल तर डीएमएसओ, ईडीटीए आणि संपृक्त मीठ यांचं द्रावण करून घ्या. ते खोलीच्या तापमानाला चालतं आणि पेट घेत नाही.

मार्करची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते, हे पहिल्याच गळक्या नळीनंतर कळतं. क्रमांक पेन्सिलने ट्रेसिंग पेपरच्या चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी नळीच्या आत टाका. तोच क्रमांक फोटोला आणि तोच बरणीला द्या.

बरणी म्हणजे मासा जपून ठेवायची बरणी. प्रकल्पातली सर्वांत महत्त्वाची वस्तू आमच्या मते हीच. ऊतक काढून झालं की मासा दहा टक्के फॉर्मालिनमध्ये ठेवा, म्हणजे दुकानातलं फॉर्मालिन एक भाग आणि पाणी नऊ भाग. मासा वीतभर असेल तर पोटाला उजवीकडून छोटी चीर द्या, नाहीतर आतून कुजतो. आठवडा-दोन आठवड्यांनी पाण्यात धुऊन ७० टक्के अल्कोहोलमध्ये हलवा. हा क्रम उलटा होता कामा नये. फॉर्मालिन डीएनए आणि प्रथिनं यांना एकमेकांत अडकवून टाकतं, मग त्या माशातून ६५० अक्षरांचा तुकडा मिळणं फार कठीण होतं.

दोन्ही प्रकारांचे प्रत्येकी पाच ते दहा मासे पुरेत. नळ्या पाठवताना एक गोष्ट सांभाळा. अल्कोहोल ज्वालाग्राही असल्याने टपाल आणि कुरिअरवाले ते घेत नाहीत. आदल्या दिवशी नळीतलं अल्कोहोल ओतून टाका, ओलसर ऊतक तसंच राहू द्या, झाकणाला पॅराफिनची पट्टी गुंडाळा आणि नळ्या दोन पिशव्यांत घाला. दोन-तीन दिवसांच्या प्रवासात काही बिघडत नाही. ऊतक परदेशातल्या प्रयोगशाळेत पाठवायचा विचार असेल तर जैवविविधता कायद्याखाली राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मंजुरी लागते. या कामाला देशातली सिक्वेन्सिंग सेवा पुरते.

नाशिक शहरातून, मासे विकत घेणाऱ्या वाचक: बाजारात "देशी मागूर" म्हणून विकतात तो खरंच देशी की बंदी असलेला आफ्रिकन? दोनशे ग्रॅमचा तुकडा प्रयोगशाळेत दिला तर नक्की कळेल का?

उत्तर: कळेल, पण अर्धंच. आणि हे अर्धं उत्तर कधीकधी उत्तर नसण्यापेक्षा वाईट असतं.

आफ्रिकन मागूर म्हणजे क्लॅरिअस गॅरीपिनस. बाजारात त्याला थाई मागूरही म्हणतात, मूळ मात्र आफ्रिकेतलं. त्याच्या संवर्धनावर केंद्र सरकारने २००० सालीच बंदी घातली आणि २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानेही तीवर शिक्कामोर्तब केलं. देशी मागूर म्हणजे क्लॅरिअस मागूर. दोघांचे बारकोड वेगळे आहेत, तेव्हा शुद्ध आफ्रिकन मासा असेल तर एका चाचणीत उघडा पडतो.

प्रश्न येतो संकराचा. मायटोकॉन्ड्रिया पिल्लाला आईकडूनच मिळतात. देशी मादी आणि आफ्रिकन नर यांच्यापासून झालेल्या माशाचा बारकोड शंभर टक्के देशी मागूरचा येतो. तो मासा झपाट्याने वाढणारा संकर असला तरी अहवालावर "क्लॅरिअस मागूर" असंच छापून येईल आणि विक्रेता तो कागद काचेत लावेल. म्हणून बारकोडने "आफ्रिकन" म्हटलं तर आईकडून आफ्रिकन रक्त नक्की आहे असं समजा. "देशी" म्हटलं तर आई देशी होती, एवढंच सिद्ध झालं.

बापाचा पत्ता लावायला पेशीकेंद्रातलं जनुक वाचावं लागतं. त्यासाठी रॅग-१, रॅग-२ किंवा ऱ्होडॉप्सिन ही जनुकं वापरतात. ज्या जागी दोन जातींची अक्षरं वेगळी असतात, तिथे डीएनए वाचणारं यंत्र काढतं त्या संकराच्या आलेखात एकावर एक दोन शिखरं दिसतात, एक आईचं आणि एक बापाचं. शुद्ध माशात तिथे एकच शिखर असतं. प्रयोगशाळेला नमुना देताना "सीओआय आणि एक न्यूक्लिअर मार्कर" असं लिहूनच द्या. चिलापीच्या बाबतीतही हेच. मोझाम्बिकस आणि नायलोटिकस सहज संकरित होतात, तेव्हा पट्टे अर्धवट दिसणाऱ्या माशांवर नुसता बारकोड करून निष्कर्ष काढू नये. चिलापीत आणखी एक गंमत आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या काही नायलोटिकसांत ऑरिअस या दुसऱ्या जातीचा मायटोकॉन्ड्रिया पिढ्यान्‌पिढ्या मुरलेला आहे. मासा दिसायला नायलोटिकस आणि बारकोड ऑरिअसचा असं निघालं, तर ती प्रयोगशाळेची चूकच असेल असं नाही.

पैसे खर्च करण्याआधी डोळ्यांनी बघा. देशी मागूर तपकिरी-काळसर आणि एकरंगी असतो, वाढतो संथ आणि हातभराच्या पुढे क्वचित जातो. आफ्रिकनच्या अंगावर संगमरवरासारखे करडे ढगाळ डाग असतात आणि तो किलोकिलोंनी वाढतो. कल्ल्याचं झाकण उचलून कमानीवरचे दाते पाहा: आफ्रिकनमध्ये ते दाट, कंगव्यासारखे असतात आणि मासा मोठा होईल तशी त्यांची संख्या वाढते. देशीत ते विरळ असतात. दीड किलोचा "देशी मागूर" कोणी दाखवला तर डीएनएची गरज नाही.

इगतपुरी तालुक्यातून, मच्छीमार सोसायटीचे सभासद: जाळ्यात चिलखत घातल्यासारखा, खरखरीत, तोंड खाली असलेला मासा येतो. जाळं फाडतो, खायला कोणी घेत नाही. त्याचा डीएनए करून नक्की जात कळेल का?

उत्तर: पैसे वाचवा. हा शोभेच्या टाकीतून सुटलेला सकर, म्हणजे दक्षिण अमेरिकेतला टेरिगोप्लिक्थिस. कोणी त्याला हेलिकॉप्टर मासाही म्हणतं. बारकोड वंशापर्यंत पोचवतो, पण पार्डालिस आणि डिसजंक्टिव्हस या दोन जातींत सीओआयने फरक करता येत नाही. त्यांचे बारकोड एकमेकांत मिसळलेले आहेत आणि दोघांचा आपसांत संकर होतो. पोटाखालची नक्षी बघा: सुटे ठिपके असतील तर पार्डालिसकडे झुकतं, ठिपके जोडून वेडीवाकडी रेघ झाली असेल तर डिसजंक्टिव्हसकडे. मधले नमुनेही सर्रास मिळतात. एक-दोन मासे तारीख आणि ठिकाण लिहून जपा, बाकीचे मारून पुरा. परत पाण्यात टाकू नका आणि काठावरही सोडू नका, हा मासा हवा गिळून बराच वेळ जगतो.

नाशिकमधून, एम.एस्सी.चा विद्यार्थी: सायप्रिनस (कॉमन कार्प), चंदेरा (सिल्व्हर कार्प), गवत्या (ग्रास कार्प) आणि काही देशी माशांवर काम करतोय. बारा नमुन्यांपैकी पाचांत पीसीआरची पट्टीच येत नाही, दोघांत दोन पट्ट्या येतात आणि एकाचा आलेख शेवटपर्यंत गढूळ आहे. काय चुकतंय?

उत्तर: तुम्ही प्रमाणं कळवली नाहीत, म्हणून आधी आमची देतो. एका नळीत एकूण २५ मायक्रोलिटर. त्यात दुप्पट तीव्रतेचं तयार मिश्रण १२.५, फिश-एफ१ आणि फिश-आर१ हे प्राइमर १० मायक्रोमोलर तीव्रतेचे प्रत्येकी ०.५, डीएनए १ आणि बाकी १०.५ पाणी. बारा नमुने, एक पाण्याची कोरी नळी आणि एक हमखास चालणारा नमुना मिळून चौदा होतात. मिश्रण पंधरांचं करा, पिपेटला चिकटून जातंच. यंत्राला ९५ अंशांवर २ मिनिटं द्या. मग ९४ वर ३० सेकंद, ५४ वर ३० सेकंद, ७२ वर १ मिनिट अशी ३५ आवर्तनं, आणि शेवटी ७२ वर १० मिनिटं. तापमान चढ-उताराचा वेळ धरून दोन तासांच्या आसपास लागतात. यंत्र यूपीएसवर ठेवा. मध्येच लाइट गेली तर त्या नळ्या पुढे रेटू नका, नव्याने लावा.

पाच कोऱ्या नळ्या. हमखास चालणाऱ्या नमुन्याची पट्टी आली का, हे आधी बघा. तीही नसेल तर दोष मिश्रणात किंवा यंत्रात आहे. ती असेल तर दोष डीएनएत. अशा वेळी अनेकजण डीएनए वाढवत नेतात, तेव्हा आमचा सल्ला उलटा आहे: आधी दहापट पातळ करून बघा. कोऱ्या नळीचं कारण बहुधा डीएनए कमी असणं हे नसतं. राहून गेलेलं अल्कोहोल, कातडीचं रंगद्रव्य किंवा मीठ त्याच्याबरोबर येऊन पॉलिमरेझला, म्हणजे प्रती काढणाऱ्या विकराला, अडवतात. पातळ केल्याने अडथळा दहापट कमी होतो आणि डीएनए तरीही पुरून उरतो. निष्कर्षण करताना ऊतक टिश्यू पेपरवर टिपून दहा मिनिटं वाळू द्या, अल्कोहोलचा वास जाईपर्यंत. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर २६०/२८० हे गुणोत्तर १.८ ते २.० मध्ये हवं.

पराच्या तुकड्यासाठी किटशिवायही काम होतं. ५० मिलिमोलर सोडियम हायड्रॉक्साइडच्या १०० मायक्रोलिटरमध्ये तुकडा ९५ अंशांवर २० मिनिटं ठेवा, थंड करा, १ मोलर ट्रिस-एचसीएल (पीएच ८) १० मायक्रोलिटर घाला. वरचा द्रव १ मायक्रोलिटर थेट पीसीआरला. हा डीएनए फार दिवस टिकत नाही, आठवड्यात वापरून टाका. जपून ठेवायच्या नमुन्यांना प्रोटिनेज-के घालून ५६ अंशांवर रात्रभर ठेवण्याची नेहमीची पद्धतच बरी.

पातळ करूनही पट्टी नसेल तर ५४ चे ५० अंश करा. त्यानेही नसेल तर प्राइमर त्या जातीला बसत नाहीत असं धरा आणि माशांसाठीचं प्राइमरांचं कॉकटेल वापरा.

दोन पट्ट्यांची गोष्ट उलटी: तापमान ५४ वरून ५६-५७ वर न्या. दीड टक्का अगरोजच्या जेलवर तुमची पट्टी ७०० अक्षरांच्या जवळ हवी, कारण ६५५ अक्षरांच्या दोन्ही टोकांना प्राइमर जोडलेले असतात. पाण्याच्या कोऱ्या नळीत तीच पट्टी दिसली तर त्या दिवशीचं सगळं टाकून द्या. हे जड जातं, पण रोहूवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत प्रत्येक परका मासा "रोहू" निघायला एक दूषित पाण्याची बाटली पुरते.

गढूळ आलेखात गढूळपणा कुठून सुरू होतो ते पाहा. पहिली तीस-पन्नास अक्षरं नेहमीच वाचता येत नाहीत. ती कापून टाकायची असतात, म्हणून तर दोन्ही बाजूंनी वाचून घ्यायचं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत जोडशिखरं असतील तर नळीत दोन डीएनए आहेत, म्हणजे ब्लेड धुतलं नव्हतं. आधी स्वच्छ आणि एका जागेपासून पुढे गढूळ असेल तर एखादं अक्षर कमी-जास्त असलेली दुसरी प्रत वाचली जात आहे. सीओआय हे प्रथिन घडवणारं जनुक, त्यात असं व्हायला नको. ती केंद्रकात जाऊन पडलेली मृत नक्कल असू शकते. स्वच्छ आलेखालाही ही परीक्षा लावा: क्रम प्रथिनात भाषांतरित करा, पण पृष्ठवंशीयांच्या मायटोकॉन्ड्रियाचा संकेत निवडून, म्हणजे तक्ता क्रमांक २. मध्ये कुठेही थांबा-संकेत आला तर तो क्रम नावासाठी वापरू नका. नेहमीचा तक्ता १ लावून "थांबे" मोजत बसणारे विद्यार्थी आम्हाला दर वर्षी पत्र लिहितात.

त्याच पत्रात पुढे: सायप्रिनसचा क्रम जेनबँकेत (डीएनए-क्रमांच्या सार्वजनिक भांडारात) दोन नावांशी शंभर टक्के जुळतो, आणि कटला तर तीन नावांशी. मग बारकोडचा उपयोग काय?

उत्तर: कटलाची तीन नावं म्हणजे तीन मासे नव्हेत. कटला कटला, गिबेलिऑन कटला आणि लेबिओ कटला ही एकाच माशाला वेगवेगळ्या काळात दिलेली नावं आहेत, जेनबँकेत सगळी नांदतात. सायप्रिनसचं थोडं निराळं आहे: पूर्व आशियातल्या सायप्रिनसला काही तज्ज्ञ रुब्रोफस्कस ही वेगळी जात मानतात, काही मानत नाहीत. तुम्ही दोन्ही नावं नोंदवा आणि तसं लिहा.

खरा धोका मागूरमध्ये आहे. भारतातल्या मागूरला दीर्घकाळ क्लॅरिअस बॅट्राकस म्हटलं जायचं. २००८ मध्ये ते नाव जावा बेटावरच्या माशापुरतं मर्यादित झालं आणि आपला मासा क्लॅरिअस मागूर ठरला. पण जेनबँकेत "बॅट्राकस" या नावाखाली भारतीय मागूरचे क्रम आहेत आणि चुकीने ओळखलेले आफ्रिकनचेही. यादीतलं पहिलं नाव उचललं तर बंदी असलेला मासा देशी ठरू शकतो.

म्हणून पहिल्या नावावर थांबू नका. वरचे पन्नास क्रम घेऊन त्यांच्या साम्यावरून वंशवृक्ष काढा. चाळीस क्रमांत एकच वेगळ्या नावाचा असेल तर बहुधा नाव त्याचं चुकलंय. कोणत्या क्रमामागे संग्रहालयात ठेवलेला मासा आहे ते पाहा, त्याला जास्त वजन द्या. बोल्ड या बारकोड-भांडारात ही माहिती शोधणं सोपं जातं. किती लांबी जुळली तेही बघा, ३०० अक्षरांवरचे शंभर टक्के आणि ६५० वरचे शंभर टक्के एक नव्हेत.

आकड्यांचा अंदाज हवा म्हणून: त्या ऑस्ट्रेलियन अभ्यासात एकाच जातीतल्या माशांत सरासरी ०.३९ टक्के फरक होता, एकाच वंशातल्या वेगवेगळ्या जातींत ९.९३ टक्के. मधली दरी मोठी आहे, म्हणूनच पद्धत चालते. तुमचा क्रम ९९ टक्क्यांच्या वर जुळला तर नाव घ्या, दोन-तीन टक्के कमी पडला तर थांबा. ९१ टक्क्यांवर आलेलं पहिलं नाव म्हणजे तुमचा मासा नव्हे. तुमचा मासा भांडारात नाही, त्याचा शेजारी आहे, एवढाच त्याचा अर्थ.

सिडकोतून, आरोग्य विभागात काम करणारे वाचक: डासांसाठी टाक्यांत सोडतो ते गप्पी मासे गप्पीच आहेत की गंबुशिया?

उत्तर: यासाठी भिंग पुरेसं आहे. गप्पीचा नर रंगीत असतो, गंबुशियाचे नर-मादी दोन्ही करडे. गंबुशियाचं तोंड वर वळलेलं, डोकं वरून चपटं. बारकोड उपयोगी पडतो तो गंबुशियातल्या ॲफिनिस आणि होलब्रूकी या दोन जाती वेगळ्या करायला. जुन्या पुस्तकांत दोन्ही ॲफिनिसच आहेत. दोन्हीही मूळ अमेरिकेतले, तेव्हा टाकीतले मासे नाल्यात ओतू नका.

पंचवटीतून: हॉटेलातला तळलेला "बासा" खरंच बासा असतो का? तुकडा तपासता येईल?

उत्तर: बासा या नावाने मिळणारा मासा बहुतेकदा पँगासिअनोडॉन हायपोफ्थाल्मस असतो, आपल्याकडे तळ्यांत वाढवतात तो पंगसही हाच. व्हिएतनाममध्ये मुळात बासा म्हणतात तो पँगासिअस बोकॉर्टी निराळा. तळलेल्या माशात डीएनए तुकडे-तुकडे झालेला असतो, ६५० अक्षरं सलग मिळणं कठीण. १०० ते ३०० अक्षरांचा मिनी-बारकोड मागा. वरचं पीठ काढून अगदी मधलं मांस द्या. त्याच कढईत सकाळपासून कोणकोण तळलं गेलंय, याचा काही नेम नसतो.

गंगापूर रोडवरून: मासा न पकडता, नुसत्या पाण्यातल्या डीएनएवरून गोदावरीतले परके मासे कळतात असं वाचलं. शहरात करता येईल?

उत्तर: येईल, पण कुठलं पाणी उचलता यावर सगळं आहे. पद्धत थोडक्यात अशी: एक लिटर पाणी ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळायचं, गाळणी अल्कोहोलमध्ये बुडवून न्यायची आणि १२-एस जनुकाचा सुमारे १७० अक्षरांचा तुकडा वाचायचा. पाणी बर्फावर ठेवा आणि त्याच दिवशी गाळा. बाटल्या ब्लीचने धुवा आणि दर खेपेला एक बाटली घरच्या उकळलेल्या पाण्याची न्या. ती कोरी निघाली तरच बाकीच्यांवर विश्वास. जून ते सप्टेंबर गढूळ पाण्याने गाळणी पाव लिटरलाच तुंबते, तेव्हा जास्त रुंद छिद्रांची गाळणी लागते. आम्ही तर हिवाळाच सुचवू.

आता अडचण. शहराच्या खाली घेतलेल्या पाण्यात पंगस, मागूर, समुद्रातले मासे, सगळं सापडेल. मासळी बाजारातलं धुवण आणि स्वयंपाकघरांचं सांडपाणी त्यात मिसळलेलं असतं. पाण्यात पंगसचा डीएनए असणं आणि पंगस असणं यांत फरक आहे. धरणाच्या वरच्या बाजूला हा घोळ कमी होतो, पण माशांचे पिंजरे असतील तर खाद्यातल्या मासळीच्या भुकटीमुळे तिथेही तारली निघते. मग तारली गोदावरीत चढली असं कोणी छापू नये. शिवाय १२-एसचे आपल्या देशी माशांचे नोंदलेले क्रम सीओआयच्या मानाने कमी आहेत. पाण्यातून मिळालेलं नाव ही सूचना समजा आणि त्या जागी जाळं टाकून मासा हातात घ्या.

मालेगावातून: रोहू, कटला, मृगळ यांना परके म्हणायचं का? बारकोडवरून ते गिरणेत मूळचे की सोडलेले हे ठरेल का?

उत्तर: रोहू, कटला, मृगळ यांची जी बोटुकली आपल्या धरणांत सोडतात ती गंगेच्या खोऱ्यातल्या माशांची वाढवलेली वाणं. देशाच्या नकाशात ते देशी, खोऱ्याच्या नकाशात इथे रुजवलेले. नाशिक जिल्ह्यात हे जास्तच जाणवतं, कारण पाणी तीन दिशांना जातं: गोदावरी पूर्वेला, गिरणा तापीला, आणि सुरगाणा-पेठकडच्या नद्या पश्चिमेला समुद्राकडे. एका तालुक्यातला देशी मासा पलीकडच्या तालुक्यात पाहुणा असू शकतो.

बारकोड मासा कोण हे सांगतो. तो इथे कसा आला, हे सांगत नाही. रोहूचा क्रम गिरणेत आणि गंगेत तोच येईल. एकाच जातीच्या दोन खोऱ्यांतल्या माशांत एखाद-दुसऱ्या अक्षराचा फरक असतो खरा, पण त्यावरून मूळ शोधायला दोन्हीकडचे पुष्कळ मासे लागतात, आणि मत्स्यबीज केंद्रांत ठिकठिकाणची जननक्षम जोडी एकत्र आल्याने तो धागाही गुंतलेला असतो. या प्रश्नाचं उत्तर जुन्या बरण्यांत आहे. बीज सोडायला सुरुवात होण्याआधी गिरणेतून कोणते मासे गोळा झाले, त्यांच्या नोंदी आणि नमुने पाहा. भारतीय प्राणिसर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे, तिथे लेखी विचारणा करा. तुमच्याकडे मासे जमा असतील तर तिथेच देऊ करा, मात्र प्रत्येकाबरोबर तारीख, गावाचं नाव, अक्षांश-रेखांश आणि जाळ्याच्या आसाचं माप हवं. ऊतकाची नळी बरणीपासून वेगळी, फ्रीजमध्ये.